ऐंशी फोटोंतून दहा: हौशी फोटोग्राफर मंडळींनी आपले आवडते फोटो कसे निवडावेत

फेब्रुवारीत आमची मंडळी भिगवणला जाऊन आली. सतरा जण गेलो होतो आणि प्रत्येकी चारच्या मर्यादेत चौसष्ट फोटो जमा झाले. त्यातले एकोणीस उडत्या रोहितांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे. उजनीच्या फुगवट्यावरचा सकाळचा उजेड, पाण्याला घासून उठलेला थवा, पंख उघडले की दिसणारा तो तांबडा आणि काळा रंग. फोटो सगळेच चांगले होते. आम्ही पाच जणांनी हात वर करून मतं दिली, पंधरा मिनिटांत दहा आवडते फोटो ठरले आणि त्यात सहा रोहितांचे निघाले. चपला घालताना आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "मला मात्र तो पायाचा फोटो डोळ्यांसमोरून हलत नाहीये."

कुठला पायाचा, ते आम्हा चौघांनाही आठवेना. पुन्हा लॅपटॉप उघडला. अडतीस नंबर. पत्र्याची होडी, नावाडी बांबू रेटतोय, चेहरा फ्रेमच्या बाहेर. होडीच्या काठावर रोवलेला त्याचा उजवा पाय, भेगाळलेली टाच, करंगळीला चिकटलेला ओला शेवाळाचा तुकडा. आणि पार मागे, पाणी आणि आभाळ मिळतात तिथे, एक बारीक गुलाबी रेघ. तेच रोहित, ज्यांच्यासाठी आम्ही सगळे पहाटे तीनला पुण्याहून निघालो होतो. तासाभरापूर्वी हा फोटो आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांखालून गेला होता आणि आम्हाला तो दिसलाच नव्हता.

त्या संध्याकाळनंतर आम्ही निवडण्याची पद्धत मुळापासून बदलली. हा लेख त्या पद्धतीचा आहे. तुमचा गट आठ जणांचा असो की ऐंशी जणांचा, थोडा फेरफार करून ती वापरता येईल.

आधी एक प्रश्न सोडवा: उत्तम हवाय की आवडता?

हे दोन वेगळे फोटो असतात आणि बहुतेक गटांत वाद होतो तो या दोन शब्दांची गल्लत झाल्यामुळे. फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफीच्या मान्यतेने होणाऱ्या एखाद्या सलॉनला, म्हणजे फोटोंच्या स्पर्धा-प्रदर्शनाला, फोटो पाठवायचे असतील, तर तिथल्या विभागांच्या व्याख्या असतात, नियम असतात. निसर्ग विभागात मधली फांदी पुसून टाकलेली चालत नाही. फोकस डोळ्यावरून घसरला की परीक्षकाचं बटण खाली जातं. तिथे 'उत्तम' निवडावं लागतं आणि त्यासाठी कसलेले परीक्षक लागतात.

आवडता फोटो निवडायला परीक्षक लागत नाही, बघणारा लागतो. त्यात फोकस थोडा गेलेला असू शकतो, क्षितिज कलतं असू शकतं. अट एकच: फोटो बंद केल्यावरही तो तुमच्याबरोबर चालत आला पाहिजे. म्हणून निवडायला बसण्याआधी सगळ्यांनी मिळून मोठ्याने ठरवा की आज आपण काय निवडतोय. आम्ही दर महिन्याला आवडते दहा निवडतो आणि वर्षाअखेरीस त्यांतून चाळीस फोटो प्रदर्शनाला लावतो. सलॉनसाठीची निवड वेगळ्या दिवशी, वेगळ्या लोकांकडून होते. दोन्ही एकाच बैठकीत उरकायचं ठरवलं, तर तांत्रिक बोलणारा माणूस जिंकतो आणि ज्याला फक्त काहीतरी वाटलंय तो गप्प बसतो.

पहिली चाळणी फोटो काढणाऱ्याच्या घरी

एका सहलीत माणूस सहज चारशे फोटो काढतो. पक्षी असतील आणि कॅमेरा बर्स्टवर, म्हणजे एकापाठोपाठ फोटो घेत सुटणारा, असेल तर हजारही. त्यातून चार काढून पाठवणं हे गटाचं काम नाही, तुमचं आहे. आणि खरं सांगायचं तर निवडीतला सर्वांत अवघड भाग हाच आहे.

घाई करू नका. आल्या रात्री निवडायला बसाल तर फोटोऐवजी तुम्ही आठवण निवडाल. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढून गेलात, गुडघे बोलायला लागले, कोकणकड्यावर पोचलात आणि तेवढ्यात ढग फाटले, की त्या क्षणी काढलेला प्रत्येक फोटो तुम्हाला थोर वाटणारच. बघणाऱ्याला तुमची नळी दिसत नाही. त्याला दिसतो तो कडा, ढग आणि एका कोपऱ्यात आलेली कुणाची तरी निळी सॅक. आठवडाभर फोटो तसेच ठेवा. पायांचं दुखणं थांबलं की डोळे नीट बघायला लागतात.

मग एकदा सगळे झरझर पाहून फक्त बाद करा: हललेले, फोकस गेलेले, डोळे मिटलेले, एकाच दृश्याचे जुळे भाऊ. चांगले कुठले, हा विचार आत्ता नाही. उरलेल्यांना तारे द्या. डार्कटेबल, डिजीकॅम यांसारखी फुकट मिळणारी सॉफ्टवेअर आहेत, त्यांत एक ते पाच तारे द्यायची सोय असते. पहिल्या फेरीत फक्त एक तारा, दुसऱ्या फेरीत एक तारावाल्यांतून दोन तारे, असं वर चढत जा. सुरुवातीलाच पाच तारे वाटत बसू नका; मग सगळेच पाचतारी होतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

शेवटी दहाबारा उरले की ते सगळे स्क्रीनवर एकदम, बोटाच्या पेराएवढे लहान करून बघा. फिल्मच्या काळात छत्तीस फ्रेमची कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे सगळ्या फ्रेम लहान आकारात छापलेला एकच कागद, भिंगाखाली धरून लाल पेन्सिलने खूण करायचे. ती सवय आजही कामाची आहे. लहान आकारात बारकावे नाहीसे होतात आणि फक्त बांधणी उरते: उजेड कुठे, अंधार कुठे, नजर कुठून शिरते. इतक्या लहान आकारातही जो फोटो ओढून घेतो, त्याची बांधणी पक्की असते. याला एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. काही फोटोंचा जीव एखाद्या बारीक गोष्टीत असतो, त्या पायाच्या फोटोतल्या गुलाबी रेघेसारखा. ते लहान आकारात मार खातात. म्हणून लहान करून बघणं ही एक कसोटी आहे, निकाल नाही.

फोटो मागवताना हे स्पष्ट लिहा

आमचा महिन्याचा निरोप साधारण असा असतो, हवा तर जसाच्या तसा घ्या:

"या महिन्याचे फोटो २५ तारखेपर्यंत पाठवावेत. प्रत्येकी जास्तीत जास्त चार, आणि एकाच जागेचे दोनपेक्षा जास्त नकोत. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कोपऱ्यात नाव, वॉटरमार्क, बॉर्डर नको. अनेक फ्रेम जोडून फोटो केला असेल तर तसं कळवा. एआय वापरून फोटोत काही नवीन घातलं असेल तर तो पाठवू नका. ओळखू येणारी व्यक्ती फोटोत असेल तर तिला विचारलं होतं का, ते एका ओळीत लिहा. फोटोला शीर्षक नको."

यातल्या डॉक्युमेंटच्या अटीवर लोक कुरकुर करतात, पण ती सोडू नका. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलपर्यंत लहान होतो. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरले तर तो सव्वापाच इंच होतो, म्हणजे जेमतेम पोस्टकार्ड. मूळ फाइल पुढे मागू म्हणावं, तर ऐन प्रदर्शनाच्या आठवड्यात त्या माणसाचा फोन बदललेला असतो.

अनेक फ्रेम जोडण्याचा मुद्दा आमच्याकडे काजव्यांमुळे आला. मे महिन्याच्या शेवटी भंडारदरा, पुरुषवाडीकडे काजवे बघायला जाणं आता नेहमीचं झालंय आणि झाडभर काजव्यांचे जे फोटो दिसतात, ते बहुतेक पुष्कळ एक्स्पोजर एकावर एक रचून केलेले असतात. त्यात गैर काही नाही. पण बघणाऱ्याला ते माहीत असायला हवं, नाहीतर पुढच्या वर्षी नवखा मुलगा एकाच फ्रेममध्ये तसं झाड मिळवायला रात्रभर झटतो आणि आपल्याला येत नाही असं धरून चालतो.

शीर्षक का नको? कारण 'विठुमाउली' किंवा 'एकाकी' असं लिहिलं की बघणारा फोटोआधी ते वाचतो आणि तेच शोधायला लागतो.

नावं झाका, नंबर द्या

एका विश्वासू माणसाकडे हे काम सोपवा, आणि त्या महिन्यात त्याने मत द्यायचं नाही. तो फोटो आले त्या क्रमाने न ठेवता फेटून लावतो, ००१, ००२ असे नंबर देतो आणि कुणाचा कुठला याची यादी स्वतःकडे ठेवतो. बघण्यासाठीच्या प्रती वेगळ्या करायच्या, त्यांतली कॅमेऱ्याची, नावाची आणि ठिकाणाची आतली माहिती काढून टाकायची. मूळ फाइलींना हात लावायचा नाही.

नावं झाकायची ती कुणी लबाडी करेल म्हणून नाही. आपल्या गटातल्या ज्येष्ठांबद्दल आपल्याला आदर असतो आणि त्यांचा फोटो समोर आला की तो आदर आधी बोलतो. उलटही होतं: एखाद्याने मागच्याच महिन्यात महागडी लेन्स घेतलेली असते आणि फोटो पाहताना आपण नकळत लेन्सला मार्क देतो. फोनवर काढलेल्या फोटोंचा तर या नाव झाकण्याने उद्धारच झाला. आमच्याकडे गेल्या वर्षी प्रदर्शनात लागलेल्या चाळीसांपैकी नऊ फोटो फोनवरचे होते. आधीच्या वर्षी एकही नव्हता.

अर्थात लहान गटात हात ओळखू येतो. कुणाचं धुकं, कुणाचं कृष्णधवल, हे कळतंच. त्याला इलाज नाही. ओळखलं तरी तोंडाने बोलायचं नाही, एवढाच नियम ठेवा.

बघायचं कसं

निवडणारे पाच ठेवा, आणि दर महिन्याला त्यांतले दोन-तीन बदला. पाचांत एक तरी नवखा हवा आणि शक्य असेल तर एक फोटो न काढणारा. आमच्याकडे एका सभासदाची बहीण येते, ती शिंपीकाम करते. तिचं कपड्याच्या पोताकडे, घडीकडे, शिवणीकडे जसं लक्ष जातं तसं आमचं कुणाचंच जात नाही. ज्याचा स्वतःचा फोटो यादीत आहे त्याने त्या फोटोला मत द्यायचं नाही, हे उघडच.

फोटो सगळ्यांनी एकाच पडद्यावर बघावेत. प्रत्येकाने आपापल्या फोनवर बघितले तर प्रत्येकाने वेगळा फोटो बघितला असं समजा. फोनचे पडदे रंग भडक करतात. घरातला मोठा टीव्ही चालतो, पण आधी त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन 'व्हिव्हिड' मोड काढा आणि 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' लावा. नाहीतर जेजुरीचा भंडारा नारिंगी दिसतो. प्रोजेक्टर असेल तर खोलीत पुरेसा अंधार हवा, नाहीतर सावल्या राखाडी पडतात आणि अंधारातले सगळे फोटो बिचारे मागे राहतात.

पहिली फेरी: एक फोटो पाच सेकंद. चौऱ्याऐंशी फोटोंना सात मिनिटं लागतात. या फेरीत कुणी बोलायचं नाही, लिहायचं नाही, 'वा' म्हणायचं नाही. नुसतं बघायचं. काय काय आलंय याचा अंदाज आला की पहिल्याच सुंदर सूर्यास्ताला दहापैकी नऊ देऊन बसण्याची चूक टळते.

मग चहा. हा चहा वेळ घालवायला नाही. चहा पिताना प्रत्येकाने कागदावर, पडद्याकडे न बघता, आठवणारे फोटो लिहायचे. नंबर आठवत नसेल तर वर्णन: 'लाल छत्री', 'दारातली म्हातारी', 'पाय'. पाच-सहा आठवले तरी पुष्कळ. हा कागद जपून ठेवा, तो पुढे लागतो. एका बैठकीत सगळं उरकायची सक्ती नसेल तर मी म्हणेन की हा कागद दुसऱ्या दिवशी सकाळी लिहा. रात्रभरात चमकदार फोटो मावळतात आणि मुरणारे वर येतात. भिगवणच्या वेळी नेमकं हेच झालं होतं, फक्त ते कागदावर येण्याऐवजी चपला घालताना तोंडातून निघालं.

दुसरी फेरी: क्रम उलटा करून, एका फोटोला वीस सेकंद. क्रम उलटा करायचा कारण शेवटचे फोटो थकल्या डोळ्यांनी बघितले जातात. त्यांनाही ताजे डोळे मिळाले पाहिजेत. आता प्रत्येकाने आपल्या कागदावर टिपणं करायची. काय बघायचं याची यादी देत नाही, पण मला स्वतःला तीन प्रश्न पुरतात. नजर पहिल्यांदा कुठे गेली? नंतर कुठे रेंगाळली? आणि फोटोतली अशी कुठली गोष्ट आहे जी काढून टाकली तर फोटो उरणार नाही? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं नाही तर तो फोटो बहुधा नुसता नीटनेटका असतो.

एकसारखे फोटो वेगळे काढून शेजारी शेजारी लावा. दिवे घाटातल्या पालखीचे आमच्याकडे दर आषाढाच्या तोंडावर डझनभर तरी येतात: वळणदार रस्ता, पांढरा जनसागर, हिरवा डोंगर. प्रत्येक वेगळा पाहिला तर प्रत्येक भारी वाटतो. शेजारी लावले की कळतं, अकरा फोटो त्या जागेचे आहेत आणि एकच वारीचा आहे. गेल्या वर्षी तो एक म्हणजे चढावर थांबून, तुळशीवृंदावन डोक्यावरून न उतरवता, दुसऱ्या हाताने शेजारणीला पाणी पाजणारी बाई. घाट त्यात फक्त तिच्या खांद्यामागे चार बोटं दिसत होता.

मतं: सरासरीच्या नादी लागू नका

दहापैकी मार्क देऊन बेरीज करणं सोपं असतं, म्हणून सगळे ते करतात. त्यात काय होतं ते आकड्यांतच बघा. पहिल्या फोटोला पाचही जणांनी सात-सात दिले: पस्तीस. दुसऱ्या फोटोला दोघांनी दहा-दहा दिले, दोघांनी चार-चार, एकाने पाच: तेहतीस. पहिला निवडला गेला. तो कुणाचाच आवडता नव्हता, त्याला फक्त कुणाची हरकत नव्हती. दुसरा दोन माणसांना जिवापाड आवडला होता, तो गेला. सरासरीने महिन्यामागून महिने निवड केली की गटाची भिंत बिनहरकती फोटोंनी भरते, आणि मग पुढच्या सहलीत लोक तसेच फोटो काढायला लागतात. हे शेवटचं मला सर्वांत जास्त खुपतं.

म्हणून मार्क नकोत. प्रत्येकाने आपले दहा निवडायचे: तीन फोटोंना तीन गुण, तीन फोटोंना दोन, चार फोटोंना एक. गुप्त चिठ्ठीवर. हात वर करायला लावू नका. पहिला हात कुणाचा वर जातो हे बघून बाकीचे हात जातात. आणि प्रत्येक तीन गुणांच्या फोटोपुढे एक वाक्य लिहायचं: का?

या वाक्यासाठी आमच्याकडे काही शब्दांना बंदी आहे. अप्रतिम, सुंदर, क्लासिक, कडक, जबरदस्त. हे शब्द सोडले की माणूस फोटोत काय आहे ते बघायला लागतो. 'दारातली म्हातारी' या फोटोबद्दल आमच्या एका रिक्षाचालक सभासदाने लिहिलं होतं: "तिने दार उघडं धरलंय पण उंबऱ्याच्या बाहेर पाय टाकलेला नाही, म्हणून मला थांबावंसं वाटलं." असं वाक्य आलं की बाकीचे चौघे तो फोटो पुन्हा बघतात. कधी मत बदलतं, कधी नाही. पण ते वाक्य फोटो काढणाऱ्यापर्यंत पोचवायचं असतं, त्याची गोष्ट पुढे येईल.

गुणांची बेरीज करून पहिले पाच ठरवा. फक्त पाच.

उरलेले पाच: हट्टाच्या जागा

आमच्या पद्धतीचा गाभा हा आहे. पाच निवडणाऱ्यांना प्रत्येकी एक जागा. त्या जागेवर तो आपल्याला हवा तो फोटो ठेवणार आणि बाकीच्यांनी त्याला नाही म्हणायचं नाही. चहाच्या वेळी लिहिलेला कागद इथे काढायचा. त्या कागदावर असलेला, पण गुणांत मागे पडलेला फोटो तुमच्या हट्टाचा असतो, बहुतेक वेळा.

सुरुवातीला लोक बिचकतात. स्वतःचं नाव लावून 'हा माझा' म्हणायला धैर्य लागतं, कारण गुणांच्या गर्दीत लपता येत नाही. पण तीन-चार महिन्यांत लोक तयार होतात. आणि वर्षाअखेर चाळीस फोटो लावले तेव्हा पाहुणे जिथे जास्त वेळ उभे राहिले, त्यांतले पुष्कळ हट्टाच्या जागेवरून आलेले होते. अडतीस नंबरचा पाय त्यांतला पहिला.

दोनच बंधनं. हट्टाचा फोटो स्वतःचा नसावा. आणि खाली सांगितलेल्या कारणांनी जो बाहेर ठेवायचा आहे, त्याला हट्टाची जागाही मिळत नाही.

कितीही आवडला तरी बाहेर

चंद्रभागेच्या वाळवंटात अंघोळ करणाऱ्या, लुगडं बदलणाऱ्या बायकांचे फोटो. उजेड कितीही सोन्यासारखा पडला असो. ती माणसं दर्शनाला आलेली असतात, आपल्या फ्रेमसाठी नाही. लहान मुलाचा ओळखू येणारा फोटो असेल तर आईवडिलांना विचारलेलं असलं पाहिजे. दवाखान्यातल्या, अपघातातल्या, दुःखातल्या माणसाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय भिंतीवर लावायचा नाही.

घरट्यातल्या पक्ष्यांचे फोटो आम्ही घेत नाही, पक्षीनिरीक्षकांचे पुष्कळ गटही घेत नाहीत. आपण जवळ गेलो की आईबाप घरट्यापासून लांब राहतात, पिल्लं उपाशी आणि उघडी पडतात, आणि आपण फांद्या बाजूला केल्या असतील तर कावळ्याला वाट दाखवून येतो. आमिष ठेवून किंवा आवाज वाजवून बोलावलेला पक्षीही नको. दुर्मिळ फुलाचा, पक्ष्याचा फोटो निवडला तर ठिकाण तालुक्यापर्यंतच लिहा. कासला गर्दीचं काय झालं ते आपण पाहिलं आहे, तिथे पठाराला कुंपण आणि रोजच्या माणसांना मर्यादा घालावी लागली.

छपाईआधी फोटोचा मोजमाप तपास

निवडलेला फोटो भिंतीवर टिकेल का, हे आता बघायचं. आम्ही बारा बाय अठरा इंचाचे प्रिंट काढतो. साध्या बारा मेगापिक्सेलच्या फोनचा फोटो ४००० बाय ३००० असतो. अठरा इंचांत ४००० पिक्सेल म्हणजे इंचाला सव्वादोनशेच्या आसपास. हातभर लांबून बघायला एवढं पुरतं. अडचण लांबी-रुंदीच्या प्रमाणाची येते. फोनचा फोटो चारास तीन असतो आणि बारा बाय अठरा तिनास दोन, म्हणजे वरखालून काहीतरी कापावं लागतं. कापण्याआधी फोटो काढणाऱ्याला विचारा. न विचारता कापलेल्या वरच्या पट्टीत त्याचा अख्खा फोटो असू शकतो. बारा बाय सोळाचा प्रिंट काढून भोवती जास्त माउंट (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) सोडला तर कापावं लागतच नाही, आम्ही हल्ली तेच करतो.

लॅबला चाळीस फोटो एकदम टाकू नका. सर्वांत अंधारा, सर्वांत उजळ आणि ज्यात माणसाचा रंग महत्त्वाचा आहे असा एक, असे तीन फोटो लहान आकारात छापून घ्या. पडद्यामागे दिवा असतो, कागदामागे नसतो. त्यामुळे छपाई जवळजवळ नेहमीच थोडी गडद येते. एकदा आमचे सगळे प्रिंट पुन्हा काढावे लागले होते, तेव्हापासून ही तीन फोटोंची शिस्त मोडलेली नाही. समोर दिवे असतील तर ग्लॉसी कागद टाळा, मॅट किंवा लस्टर घ्या.

आणि परवानगी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारी व्यक्ती. गटात पाठवला म्हणून तो गटाचा होत नाही. कॅलेंडर, पोस्टर, विक्री, यांतलं काय होणार आहे ते लिहून कळवा आणि होकारही लेखी घ्या.

भिंतीवरचा शेजार

हे काम जमिनीवर करा. लहान प्रिंट सतरंजीवर पसरा आणि हलवत राहा. चेहरा डावीकडे बघत असेल तर तो रांगेच्या उजव्या टोकाला, म्हणजे नजर आत येते. दोन आरडाओरड करणारे फोटो शेजारी ठेवले की दोन्ही विरतात. शेजारी एखादा शांत ठेवा. पायाचा फोटो आम्ही रोहितांच्या मोठ्या थव्याशेजारी लावला होता. लोक आधी थव्याकडे जायचे, मग पायाकडे, मग पायाच्या फोटोतली ती गुलाबी रेघ ओळखीची वाटून परत थव्याकडे.

ज्यांचा नाही लागला त्यांना

गटाची यादी जाहीर करताना फक्त निवडलेले फोटो आणि त्यांच्याबद्दलची वाक्यं सांगा. कुणाला किती गुण, ते कधीच नाही. ज्यांचा एकही फोटो आला नाही, त्यांना यादी जाहीर व्हायच्या आधी फोन करा, मेसेज नको. निदान एका फोटोबद्दल, निवडणाऱ्यांपैकी कुणी काय लिहिलं होतं, ते वाचून दाखवा. सलग तीन महिने ज्याचा फोटो लागत नाही, त्याला चौथ्या महिन्यात निवडायला बोलवा. आमच्यातल्या एका बँकेतून निवृत्त झालेल्या काकांना असं बोलावलं होतं. ते अकरा महिने निसर्गदृश्यं पाठवत होते. एकदा इतरांचे चौऱ्याऐंशी फोटो नीट बघितले आणि पुढच्या महिन्यात त्यांनी स्वतःच्या चाळीतल्या जिन्याचा फोटो पाठवला.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे सुरू झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. तेव्हा एकेक फोटो काढायला केवढी यातायात असायची. आपल्या फोनमध्ये आज हजारो पडून आहेत, तरी चार माणसं जमवून एकमेकांचे फोटो बघायची गरज तीच आहे.

जपणूक

निवड झाली की त्याच आठवड्यात मूळ फाइली दोन ठिकाणी ठेवा, एक हार्ड डिस्कवर आणि एक वेगळ्या घरात किंवा क्लाउडवर. त्यांच्याबरोबर एक साधी मजकुराची फाइल: नंबर, काढणाऱ्याचं नाव, तारीख, परवानगी, निवडणाऱ्याचं नाव आणि त्याचं ते एक वाक्य. प्रिंटच्या पाठीमागे थेट बॉलपेनने लिहू नका, दाबामुळे अक्षरं पुढच्या बाजूला उठतात. लेबलवर आधी लिहा, शाई वाळू द्या, मग ते माउंटच्या मागे चिकटवा. पायाच्या फोटोच्या मागच्या लेबलवर शिक्षिकाबाईंच्या वळणदार अक्षरात लिहिलंय: "आम्हाला पक्ष्यांपर्यंत नेलं ते याने." त्या प्रिंटची एक प्रत आम्ही पुढच्या खेपेला कुंभारगावच्या त्या नावाड्याकडे दिली. त्याने ती घरात, दारासमोरच्या भिंतीवर लावली आहे.